हिमेयुरीच्या मुली आणि १८ जूनचा हुकूम

युद्धपट पाहताना आपला एक ठरलेला हिशोब असतो. तोफा धडाडताहेत तोवर जीव मुठीत धरून बसायचं, आणि कुणी अधिकारी येऊन 'जा, तुम्ही सुटलात' म्हणाला की श्वास सोडायचा. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळकरी नर्सेसवर आजवर चार-पाच चित्रपट निघाले. ते पाहताना हा हिशोब साफ उलटा पडतो.

मार्च १९४५ मध्ये दोन शाळांमधल्या २२२ मुली आणि १८ शिक्षक लष्करी रुग्णालयात कामाला नेले गेले. मुली १५ ते १९ वर्षांच्या. पुढचे जवळजवळ तीन महिने त्यांच्या डोक्यावर अमेरिकी विमानं आणि युद्धनौका आग ओकत होत्या. त्या सगळ्या काळात या २४० जणांपैकी १९ जण दगावले. मग १८ जूनला हुकूम आला: तुकडी बरखास्त, आता ज्याने त्याने आपापलं बघावं. त्यानंतरच्या मोजक्या दिवसांत शंभरावर जीव गेले. मृतांचा एकूण आकडा १३६.

म्हणजे तोफांखाली जखमींची सेवा करताना ज्या वाचल्या, त्यांतल्या अनेक जणी 'मोकळ्या' झाल्यावर मेल्या. असं का व्हावं? चित्रपट हा शेवट दाखवतात, प्रेक्षक रडतात, पण कारण बहुधा अश्रूंत वाहून जातं. ते शोधायचं तर रणांगणाच्या बरंच आधी, शाळेत जावं लागतं.

वर्गातून वॉर्डात

नाहा शहराजवळच्या आसातो इथे एकाच आवारात दोन शाळा भरत. एक ओकिनावा नॉर्मल स्कूलचा महिला विभाग, म्हणजे शिक्षिका घडवणारं अध्यापक विद्यालय. दुसरं ओकिनावा प्रथम मुलींचं हायस्कूल. दोन्हींत प्रवेश मिळणं म्हणजे गावात मान. दोन्ही शाळांच्या नियतकालिकांची नावं जोडून 'हिमेयुरी' हे नाव झालं होतं, आणि युद्धानंतर तेच या मुलींना चिकटलं.

ओकिनावा हे मूळचं र्‍युक्यूचं स्वतंत्र राज्य. जपानने ते १८७९ मध्ये आपल्यात विलीन केलं. तेव्हापासून इथल्या शाळांचं मुख्य काम म्हणजे मुलांना पक्कं जपानी करणं. वर्गात घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. पुढचा कुणी चुकेपर्यंत ती पाटी गळ्यातच. (आपल्याकडच्या काही इंग्रजी शाळांत मराठी बोलल्याबद्दल दंड भरलेल्यांना हे फार परकं वाटू नये.) अशा शाळेत वाढलेल्या पोरीला आपण इतर कुणाहून कमी जपानी नाही, हे सतत सिद्ध करावं लागे. युद्ध जवळ आलं तशी तिची इंग्रजीची तासिका गेली, खंदक खणायची आणि धावपट्ट्या बांधायची कामं आली आणि शेवटी शुश्रूषेचे धडे आले.

त्यामुळे मुलींना घेऊन जायला दारात पोलीस पाठवावे लागले नाहीत. शाळेने यादी केली, शिक्षक बरोबर निघाले आणि वर्गच्या वर्ग चालू लागला. सतरा वर्षांवरच्या स्त्रियांना लढाईच्या कामाला जुंपण्याची मुभा देणारा कायदा जपानने जून १९४५ च्या उत्तरार्धात केला. तोवर या मुलींपैकी अनेक जणी हयात नव्हत्या. कायद्याचं काम शाळेच्या धाकाने आधीच भागवलं होतं. बेट सोडून घरच्यांबरोबर जायचा विचार बोलून दाखवणाऱ्या मुलींना 'मग दाखला विसरा' असं सुनावलं जाई.

२३ मार्चच्या रात्री त्या पायी हाएबारू गावाकडे निघाल्या. बोचक्यात वह्या-पुस्तकं, पेन, कंगवे होते. रेड क्रॉसचा झेंडा लावलेल्या, आघाडीपासून लांबच्या इमारतीत आपण पट्ट्या बांधणार आणि थोड्याच दिवसांत शाळेत परतणार, अशी त्यांची समजूत होती. गुहांमध्ये पुढे सापडलेल्या वस्तूंत शाळेचं हे सामान आहे.

२९ मार्चला त्यांचा पदवीदान समारंभ झाला, रात्री, एका तात्पुरत्या लष्करी झोपडीत, मेणबत्तीच्या उजेडात. या समारंभासाठी त्यांच्या तरुण संगीत-शिक्षकांनी, कोचिंदा केइई यांनी, निरोपाच्या एका गीताला चाल लावली होती आणि मुलींनी ते घोटून बसवलं होतं. त्या रात्री ते म्हटलंच गेलं नाही. त्याऐवजी सम्राटासाठी मरणाचं 'उमि युकाबा' हे गीत झालं. एखाद्या पटकथाकाराने हा प्रसंग रचला असता तर आपण त्याला 'जरा जास्तच होतंय' म्हटलं असतं.

मातीच्या भुयारातलं रुग्णालय

ऑक्टोबर १९४४ च्या हवाई हल्ल्यात नाहा जवळपास बेचिराख झालं, तेव्हा लष्करी रुग्णालय हाएबारूच्या प्राथमिक शाळेत हललं. बॉम्बवर्षाव सुरू झाल्यावर ती शाळाही टिकणार नव्हती, म्हणून जवळच्या टेकडीच्या पोटात तीस-चाळीस भुयारं खणली होती. त्यांतलं विसाव्या क्रमांकाचं भुयार २००७ पासून लोकांना पाहता येतं. लांबी सुमारे ७० मीटर, उंची आणि रुंदी प्रत्येकी १.८ मीटर. एका कडेला दुमजली फळकुटांवर जखमी सैनिक, उरलेल्या पट्टीतून ये-जा.

१ एप्रिलला अमेरिकी फौज बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि जखमींचा लोंढा सुरू झाला. रुग्णालयात आधी औषधोपचार, शस्त्रक्रिया, संसर्गजन्य रोग असे विभाग होते. थोड्याच दिवसांत सगळेच शस्त्रक्रियेचे विभाग झाले. प्रशिक्षित नर्सेस मोजक्या होत्या, त्यामुळे मुलींच्या वाट्याला उरलेलं सगळं आलं. भूल पुरेशी नसताना पाय कापायचा तर सैनिकाला दाबून धरणं, कापलेला पाय बाहेर नेऊन टाकणं, मलमूत्र काढणं, जखमांतल्या अळ्या वेचणं, प्रेतं पुरणं. अळ्या मांस खातात त्याचा आवाज अंधारात ऐकू यायचा, हे वाचलेल्या बायकांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतं. आत हवा इतकी कोंडे की मेणबत्ती विझू लागे. मग मुली हातातलं कापड हलवून दाराकडून वारा आत ढकलत.

सगळ्यात धोक्याचं काम मात्र जेवण आणण्याचं होतं. जपानी लष्करी बोलीत त्याला 'मेशिआगे' म्हणत. स्वयंपाकघर टेकडीच्या पलीकडे. भाताच्या गोळ्यांनी भरलेलं पिंप काठीला अडकवायचं, काठीची दोन टोकं दोघींच्या खांद्यांवर, आणि चिखलाची चढण चढून उतरायचं. संध्याकाळी तोफा थोड्या थंडावतात हे लक्षात आल्यावर फेऱ्या त्या वेळेला धरल्या गेल्या. गोळा पडू लागला तर स्वतः आडवं व्हायचं, पण पिंप लवंडू द्यायचं नाही. लवंडलं तर भुयारातले जखमी उपाशी. सुरुवातीला गोळा बरा मोठा होता. मे महिन्यात तो पिंगपाँगच्या चेंडूएवढा झाला आणि दिवसाकाठी एकच मिळू लागला. टेकडीवरची ती वाट आजही 'मेशिआगेची वाट' म्हणून जपली आहे.

इतकं असूनही या काळातले मृत्यू तुलनेने कमी का? कारण डोक्यावर टेकडी होती. दिवसाचा बराच वेळ मुली जमिनीखाली होत्या, एका जागी होत्या, कुणाच्या तरी हिशोबात होत्या. शिक्षक रोज मोजत.

आघाडीच मागे सरकली

मेच्या अखेरीस शुरी इथलं जपानी मुख्यालय पडायच्या बेताला आलं. लष्कराने तिथे निर्णायक लढाई न देता बेटाच्या दक्षिण टोकाकडे माघार घेतली. उद्देश ओकिनावा वाचवणं हा नव्हता. अमेरिकी सैन्याला इथे जितकं अडकवून ठेवता येईल तितके दिवस मुख्य जपानी बेटांना तयारीला मिळतील, असा हिशोब होता. दक्षिणेकडे आधीच हजारो नागरिक पळून गेले होते. त्यांच्या मागोमाग लष्कर आणि लष्कराच्या मागोमाग शत्रू.

रुग्णालयाला २५ मेला निघायचा हुकूम झाला. पावसाळा, गुडघाभर चिखल. चालू न शकणारे जखमी मागे ठेवले गेले आणि त्यांना दुधात सायनाइड कालवून दिल्याच्या साक्षी आहेत. मुली इहारा, इतोसु या भागांतल्या चुनखडीच्या नैसर्गिक गुहांत पोचल्या. तिथे औषधं नव्हती, खाटा नव्हत्या, शस्त्रक्रियेची हत्यारं नव्हती. रुग्णालय फक्त नावापुरतं उरलं. त्याच गुहांत गावकरी, लेकुरवाळ्या बाया आणि हत्यारबंद सैनिक दाटीवाटीने बसलेले.

हुकमाने काय केलं?

१८ जूनच्या रात्री बरखास्तीचा हुकूम आला तेव्हा आघाडी गुहांच्या तोंडाशी येऊन ठेपली होती. पूर आलेल्या नदीच्या मधोमध एसटी थांबवून कंडक्टरने म्हणावं, 'तिकिटं संपली, आता उतरा आणि आपापल्या घरी जा', तशातली ही सुटका.

मागे समुद्र, पुढे रणगाडे. छत्र गेलं, कारण गुहेतून बाहेर पडणं आता भाग होतं. आणि जो एक मार्ग जीव वाचवू शकला असता, शरण जाण्याचा, तो मुलींच्या डोक्यात आधीच बंद केलेला होता. कैद होणं ही लाज, हे जपानी सैनिकाला १९४१ च्या आचारसंहितेत बजावलेलं होतं. तेच शाळेतून मुलींपर्यंत झिरपलं. शिवाय अमेरिकी सैनिक बायकांची विटंबना करून मारतात, असं रोज कानावर पडलेलं. अमेरिकी नौकांवरून ध्वनिक्षेपक ओरडत होते की बाहेर या, मारणार नाही. पण एक तर मुलींचा विश्वास नव्हता, आणि विश्वास ठेवलाच तर शेजारी बंदूक घेऊन बसलेला आपलाच सैनिक होता. त्याच्यासमोर पांढरं फडकं काढायची छाती कुणाची?

१९ जूनच्या पहाटे इहाराच्या एका गुहेत, जिथे रुग्णालयाचा तिसरा शस्त्रक्रिया विभाग होता, शंभराच्या आसपास माणसं होती. वरून बाहेर येण्याची हाक आली. आतून कुणी उत्तर दिलं नाही. मग धुराचा बॉम्ब आत पडला आणि ऐंशीहून अधिक माणसं गुदमरून मेली. निरोपाच्या गीताला चाल लावणारे कोचिंदा सर त्यांत होते. हिमेयुरीचं स्मारक आज याच गुहेच्या तोंडाशी उभं आहे. दुसरीकडे, आरासाकीच्या खडकाळ किनाऱ्यावर अडकलेल्या एका गटाने हातबॉम्ब स्वतःवरच फोडला.

हे अटळ होतं का? नाही, असं मला वाटतं, आणि त्याला आधार आहे. सेकितोकू या दुसऱ्या मुलींच्या शाळेतल्या विद्यार्थिनी इतोसुच्या गुहेत एका फील्ड हॉस्पिटलमध्ये होत्या. तिथले प्रमुख डॉक्टर कोइके यूसुके यांनी मुलींना लढाई ऐन भरात असताना बाहेर काढलं नाही. संघटित लढाई थांबल्यावर, जूनच्या अखेरीस, मरू नका असं बजावून त्यांनी तुकडी मोडली. त्यातल्या बहुतेक मुली वाचल्या. नशिबाचा भाग होताच, पण मोजक्या दिवसांच्या फरकाने आणि एका वेगळ्या सूचनेने निकाल बदलला. हिमेयुरीचे शिक्षक नाकासोने सेइझेन यांच्याबरोबरच्या मुलीही अमेरिकी सैनिकांसमोर आल्या तेव्हा हातबॉम्ब बाळगून होत्या. सरांनी तो फोडू दिला नाही. मुलींच्या घरच्या भाषेला शाळेत शिक्षा होती, त्याच शाळेत शिकवणाऱ्या या माणसाने पुढे ओकिनावातल्या नाकिजिन बोलीचा मोठा कोश केला.

पडद्यावर काय आलं

१९५३ च्या जानेवारीत तोएई कंपनीचा 'हिमेयुरी नो तो' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक इमाई तादाशी, पटकथा मिझुकी योको यांची. ओझूच्या 'टोकियो स्टोरी'मध्ये धाकट्या मुलीचं काम करणारी कागावा क्योको यात विद्यार्थिनी आहे. चित्रपट तुफान चालला आणि अडचणीतल्या कंपनीला त्याने तारलं, असं सांगतात.

पण तारीख बघा. जपानवरचा अमेरिकी ताबा एप्रिल १९५२ मध्ये उठला, तो ओकिनावा वगळून. ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या हाती राहिलं. त्यामुळे ज्या बेटाची गोष्ट, तिथे कॅमेरा नेता आला नाही. गुहा स्टुडिओत उभ्या केल्या. टोकियोतला प्रेक्षक ज्या मुलींसाठी रुमाल भिजवत होता, त्यांच्या आई-वडिलांना नुकतंच करारावर सही करून मागे ठेवलं होतं. चित्रपटातल्या मुली बोलतात तीही प्रमाण जपानी. गळ्यात अडकवायच्या पाटीचा प्रश्नच नाही.

इमाई डाव्या विचारांचा, युद्धविरोधी माणूस. त्याच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही, आणि चिखलातली माघार त्याने चित्रित केली आहे ती आजही अंगावर येते. अडचण माध्यमाची आहे. चित्रपटाला २४० चेहरे पेलत नाहीत, म्हणून पाच-सात सुंदर चेहरे निवडले जातात. अंधार खरा ठेवला तर काही दिसत नाही, म्हणून गुहेत उजेड येतो. दुर्गंध तर दाखवताच येत नाही. आणि शेवटी सगळ्यांचा मृत्यू आला की गोष्ट पूर्ण वाटते. यातून 'निष्पाप फुलं युद्धाच्या वादळात गळून पडली' अशी प्रतिमा तयार होते. वादळाला कुणी जबाबदार नसतं. १८ जूनचा हुकूम मात्र कुणीतरी काढला होता.

आणखी एक गोष्ट झाली. ओकिनावातल्या २१ माध्यमिक शाळांमधून सुमारे २००० मुलं-मुली युद्धात ओढली गेली आणि जवळपास निम्मी मेली. मुलींच्या तुकड्याही अनेक होत्या: शिराउमे, झुइसेन, देइगो, नागोरान. प्रसिद्ध झाली ती हिमेयुरी. कादंबरी तिच्यावर आली, मग चित्रपट, मग स्मारकाकडे सहलीच्या बसगाड्या. इतर तुकड्यांची स्मारकं जवळपासच आहेत, तिथे गर्दी नसते.

चौकट: कोणता चित्रपट कधीचा

१९५३: 'हिमेयुरी नो तो', इमाई तादाशी. कृष्णधवल, स्टुडिओतल्या गुहा.
१९६८: 'आ, हिमेयुरी नो तो', मासुदा तोशिओ. निक्कात्सु कंपनी, त्या काळची लाडकी तारका योशिनागा सायुरी.
१९८२: इमाई यांनीच मिझुकींच्या पटकथेवर पुन्हा केलेला, या वेळी रंगीत.
१९९५: कोयामा सेइजिरो, युद्धाच्या पन्नाशीनिमित्त. नाकासोने सरांच्या आठवणींवर बेतलेला.
२००७: 'हिमेयुरी', शिबाता शोहेइ यांचा माहितीपट. वाचलेल्या २२ जणींच्या साक्षी.

वाचलेल्यांचं काय?

कथापटांमध्ये सर्वांत कमी जागा मिळते ती वाचलेल्या मुलींना, आणि हे नैसर्गिकच म्हणायचं. मेलेल्या मुलीसाठी संगीत वाजवता येतं, घरी परतलेल्या मुलीचं काय करायचं? तिला मैत्रिणीच्या आईसमोर उभं राहायचं असतं. 'तू आलीस, माझी कुठे आहे?' हा प्रश्न टाळण्यासाठी अनेक जणी स्मारकाकडे वर्षानुवर्षं फिरकल्या नाहीत. चित्रपट येत गेले, गाजत गेले, आणि या बायका गप्प राहिल्या.

त्या बोलत्या झाल्या त्या १९८० च्या दशकात, स्वतःचं संग्रहालय उभारायचं ठरवल्यावर. २३ जून १९८९ ला ते उघडलं. तिथे भिंतीवर २२७ फोटोंसाठी जागा आहे. रुग्णालयात न गेलेले पण युद्धात मेलेले विद्यार्थी-शिक्षक धरून हा आकडा होतो. प्रत्येकाखाली नाव, स्वभावाविषयी दोन ओळी, आणि कुठे कशी मेली ते. साक्ष द्यायला संस्थापक बायका स्वतः उभ्या राहत. 'फुलं गळून पडली' या भाषेला त्यांनी इथे जागा दिली नाही. आम्हाला काय शिकवलं होतं आणि आम्ही ते का मानलं, यावर त्यांचा भर होता.

२००५ मध्ये टोकियोतल्या एका शाळेच्या प्रवेश-परीक्षेतल्या उताऱ्यात अशा साक्षीला 'कंटाळवाणी' म्हटलं गेलं, आणि गदारोळ झाल्यावर शाळेने माफी मागितली. उतारा दुष्ट होता, पण त्यात एक खरी गोष्ट अडकली होती: चित्रपट पाहून आलेल्या पोराला साक्ष संथ वाटते. त्यात पार्श्वसंगीत नसतं, बोलणारी म्हातारी मध्येच थांबते, तारखा पुन्हा सांगते.

शिबाता यांचा माहितीपट हा संथपणा तसाच ठेवतो. १९९४ पासून त्यांनी या बायकांना त्यांच्याच गुहांत, त्यांच्याच किनाऱ्यावर नेऊन बोलतं केलं, आणि कॅमेरा हलवला नाही. बाई बोट दाखवते: इथे अमुक पडली होती, मी तिथे होते, ती पाणी मागत होती, मी दिलं नाही. तेवढंच. १९५३ च्या चित्रपटातली कागावा क्योकोही पुढे वाचलेल्या बायकांना जाऊन भेटली आणि त्यांच्यावर तिने पुस्तक लिहिलं.

चित्रपट मंडळात हे दाखवायचे झाले तर क्रम उलटा ठेवावा, असं मी सुचवेन. आधी २००७ चा माहितीपट, मग १९५३ चा कथापट. माणसं आणि जागा ओळखीच्या झाल्यावर इमाईच्या चित्रपटात त्याने काय घेतलं आणि काय गाळलं, ते आपोआप दिसू लागतं. उलट क्रमाने पाहिलं तर साक्ष देणाऱ्या बायकांमध्ये आपण नट्यांचे चेहरे शोधत बसतो.